उभ्या माणसाचं चित्र

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईने मुलीकडच्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आमचा पोरगा फुगे भरतो." मुलीच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. मी घाईघाईने पिशवीतून मुलांचं मासिक काढलं आणि चित्रकथेचं पान उघडून दाखवलं. चित्रातल्या माणसांच्या तोंडाजवळ पांढरे फुगे असतात, त्यांत त्यांचं बोलणं असतं, ते बोलणं सुबक हाताने लिहायचं काम माझं. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे गोष्ट दुसऱ्याची, चित्र तिसऱ्याचं. मग तुम्ही नेमकं काय करता?" लग्न झालं, संसार झाला, कोपरला दोन खोल्यांचं घरही झालं, पण सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला बराच काळ लागला.

अक्षरं लिहितालिहिता मी शाई भरायला शिकलो, मग चित्रं काढायला लागलो आणि शेवटी पानंच्या पानं एकट्याने करू लागलो. ज्यांनी शाळा सुटल्यावर चित्रकथा हातात धरली नाही त्यांना सांगतो, ही एक भाषा आहे आणि तिचं व्याकरण कोणी शिकवत नाही. फुग्याची कडा काटेरी केली की माणूस ओरडतो. तुटक रेघांची केली की कुजबुजतो. शेपटीच्या जागी बारके बुडबुडे काढले की तो मनातल्या मनात बोलायला लागतो. पाठीमागे चार आडव्या रेघा ओढा, उभा माणूस पळत सुटतो. सात वर्षांचं पोर हे सगळं न अडखळता वाचतं. आणि सगळ्यांत मोठी करामत दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत असते. एका चौकटीत हात उगारलेला, पुढच्या चौकटीत दुसरा माणूस गाल धरून बसलेला. चपराक आम्ही कुठेच काढलेली नसते. ती वाचकाने मारलेली असते! इतकी वर्षं झाली तरी मला याचं नवल वाटतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. पान तयार झालं की सर सगळे फुगे कागदाच्या तुकड्यांनी झाकायचे आणि ऑफिसातल्या शिपायाला हाक मारायचे. "बघ रे, काय झालं ते सांग." शिपायाने गोष्ट बरोबर सांगितली तर पान छापायला जायचं, नाहीतर परत टेबलावर. माझी जीव ओतून लिहिलेली अक्षरं अशी झाकली गेली की मला राग यायचा. पण सरांचं खरं होतं. चित्र जे सांगतं तेच माणूस घरी नेतो, अक्षरं बिचारी मागे राहतात.

हे कळूनही माणूस चुकतोच. ठाण्याच्या एका डॉक्टरांनी मधुमेहाच्या रुग्णांसाठी माझ्याकडून छोटी चित्रकथा करून घेतली होती. तिच्यातल्या एका चौकटीत आजोबांच्या मनातल्या फुग्यात जिलेबी तरंगत होती. त्या जिलेबीवर मी अख्खी दुपार घालवली. पाक असा चमकत होता की विचारू नका. महिन्याभराने डॉक्टरांचा फोन आला. "अहो, तुमचं पुस्तक वाचून माझे पेशंट थेट मिठाईच्या दुकानात जातायत." आम्ही दोघंही पोट धरून हसलो. ते हसण्यावारी न्यायला नको होतं, हे मला पुढे मानपाड्याला कळलं.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची रसायनं करणारा एक कारखाना आहे. तिथे प्राजक्ता सुरक्षा अधिकारी आहे. माझ्या पुतणीची ही मैत्रीण, वय तिशीच्या आत, बोलणं एकदम फास्ट. एका रविवारी ती घरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली.

"काका, सूचना लावून लावून भिंती भरल्या. कोणी वाचत नाही. तुम्ही मला एक कॉमिक काढून द्या ना."

"विषय काय?"

"गॅस. नायट्रोजन."

"दिसतो कसा?"

"दिसत नाही. वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला नाही. टाकीत नुसता तोच भरलेला असेल ना, तर ऑक्सिजन उरत नाही, दोन श्वासांत माणूस खाली."

"अगं, मग मी काढू काय?"

"तेच तर!" ती म्हणाली आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

तिने मला समजावलं ते असं. रसायनाने पेट घेऊ नये म्हणून बंद टाकीत हा वायू सोडतात. टाकी धुवायला माणूस उतरायचा तर आधी आत मोकळी हवा मारून वायू हाकलायचा, यंत्राने तपासायचं, मग उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि पट्ट्याला दोरी. दोरी वरच्या कप्पीवरून बाहेरच्या माणसाच्या हातात. आतला माणूस पडला तर बाहेरच्याने ओरडायचं आणि दोरी ओढायची. स्वतः आत जायचं नाही. काहीही झालं तरी जायचं नाही.

"पण जातात," प्राजक्ता म्हणाली. "एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. आणि तिघं बाहेर येतात ते आडवे. काका, ही माणसं मूर्ख म्हणून नाही मरत. चांगली असतात म्हणून मरतात."

मी आठ चौकटींचं एक मोठं पान केलं. न दिसणारा वायू दाखवायला हिरव्या नागमोडी रेघा काढल्या, आमच्या धंद्यात वासाला आणि विषाला त्याच वापरतात. पाचव्या चौकटीत मित्राला वाचवायला एक कामगार टाकीत उडी घेतो. ती चौकट मी पानाच्या रुंदीभर पसरवली. खालून पाहिल्यासारखा कोन, पसरलेले हात, उडते केस आणि चारही बाजूंनी त्याच्याकडे धावणाऱ्या रेघा. इतकी झकास चौकट मी आयुष्यात काढली नव्हती. शेवटच्या छोट्या चौकटीत दोघं निपचित पडलेले आणि खाली माझ्या सुरेख अक्षरात उपदेश. कल्याणच्या ओळखीच्या छापखान्यात पान छापून घेतलं आणि प्राजक्ताने ते कॅन्टीनच्या भिंतीवर लावलं.

आठवड्याने तिने मला बोलावून घेतलं. कॅन्टीनमध्ये शिरलो तर पानासमोर माणसं उभी! माझी छाती फुगली. एका तरुण कामगाराने तर पाचव्या चौकटीचा फोटो काढून मोबाइलवर स्वतःच्या नावाशेजारी लावला होता. त्याचं नाव मंगेश. तो आणि त्याचा मोठा भाऊ हरेश जवळच्याच आगरी गावातले, दोघंही टाक्या धुणाऱ्या टोळीत. हरेश आत उतरायचा, मंगेश बाहेर दोरी धरायचा. त्यांच्या टोळीत रीतच होती, दोरी परक्याच्या हातात द्यायची नाही. जीव लटकवायचा तर तो रक्ताच्या माणसाच्या हातावर.

प्राजक्ताने मंगेशला माझ्यासमोर विचारलं, "यातला हिरो कोण रे?"

"यो," मंगेशने उडी मारणाऱ्यावर बोट ठेवलं. "काय एंट्री मारलीय मॅडम, एक नंबर!"

"तो मरतो शेवटी."

"मरतो ना. दोस्तासाठी मरतो. त्यालाच मर्द बोलतात."

"आणि गॅस?"

"हिरवा दिसला तर जायाचं नाय. नाय दिसला तर बिनधास्त जायाचं."

कामगारांनी एकही चूक केली नव्हती. मी जे काढलं होतं ते त्यांनी बिनचूक वाचलं होतं. न दिसणारा वायू मी दिसणारा केला आणि जे करू नये ते पानावरचं सगळ्यांत देखणं काम करून ठेवलं. पुन्हा जिलेबीच! फक्त या वेळी पाकात माणसं बुडणार होती.

बाहेर आल्यावर प्राजक्ता हळू आवाजात म्हणाली, "मोठी टाकी पुढच्या आठवड्यात धुवायची आहे. मी किती वेळा सांगितलं, दोरीवर दुसरा माणूस द्या, भाऊ नको. हरेश ऐकतच नाही. म्हणतो, मंगेश नसेल तर मी उतरत नाही. आणि मला माहितीये, काका, हरेश पडला ना तर हा मुलगा आत जाणार. तुमच्या चित्राच्या आधीही गेला असता. आता तर नक्कीच."

ते पान मी त्याच दिवशी भिंतीवरून उतरवलं. घरी येऊन टेबलाशी बसलो आणि दोन दिवस नुसता कागद खराब केला. उडी काढणं सोपं आहे. न मारलेली उडी कशी काढायची? उभा माणूस चित्रकथेत नेहमी बघ्या असतो. वीर धावतो, झेपावतो, भिंत फोडून येतो. दारात उभा राहून जो भावाला वाचवतो त्याला आमच्या भाषेत चिन्हच नाही.

वायूचं आधी सुटलं. मी टाकीच्या आतलं काहीच काढलं नाही. भिंत नाही, सावली नाही, रंग नाही, कोरा कागद. आत उतरणारा माणूस पहिल्या चौकटीत पूर्ण, ठसठशीत शाईत. दुसरीत त्याची बाह्यरेघ तुटक. तिसरीत नुसता पट्टा आणि दोरी, माणूस पुसला गेलेला. काही न काढता वायू दिसला. मी स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला भाजी निवडताना उठवून आणून दाखवलं. ती पानावर वाकली आणि म्हणाली, "श्वास कोंडतो हो बघताना." एवढं प्रमाणपत्र पुरे होतं.

मग उडी मारणाऱ्याला मी बोटभर चौकटीत घातलं, पाठमोरा, एकही वेगाची रेघ न देता. तोही पुढच्या चौकटीत पुसला गेला. आणि खालचं अर्धं पान बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिलं. जाड ब्रश, काळीभोर शाई, चौकटीच्या तळाशी रोवलेले पाय. वेगाच्या सगळ्या रेघा त्याच्या हातांना आणि दोरीला. तोंडाजवळ काटेरी फुगा. आणि दोरी मी चौकटींच्या कडा ओलांडून काढली. आतल्या पुसल्या गेलेल्या माणसाच्या पट्ट्यापासून निघून, मधल्या पांढऱ्या पट्ट्या कापत, ती थेट खाली या माणसाच्या मुठीत आली. पांढरी पट्टी ओलांडायची नसते असं सर शिकवायचे. मी ओलांडली.

पान कच्चं असतानाच कारखान्यात घेऊन गेलो, सगळे फुगे कागदाने झाकले आणि दोघा भावांपुढे धरलं. मंगेशने पान उजेडाकडे वळवलं. मग त्याने खालच्या माणसावर बोट ठेवलं. "दोरीवाला."

"काय दोरीवाला?"

"हिरो."

मी कागदाचे तुकडे उचलायला लागलो, पण पुढे तोच म्हणाला, "पण काका, यो कोणाची तरी दोरी धरून हाय. माजा भाऊ आत असंल तर मना नाय जमायचं असं उभं राहायला."

हरेश मागे उभा होता. चाळिशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने पान स्वतःकडे ओढलं. "काका, आतल्याला माजा चेहरा काढा. बाहेरच्याला ह्याचा."

"अरे, असं नको. जिवंत माणसाला मी टाकीत पुसून टाकू?"

"काढा. ह्याच्या डोक्यात बसू दे." मग तो भावाकडे वळला. "मी पडलो तर तू ह्या चित्रासारखा उभा राहायचा. आत आलास तर आयेला सांगायला कोण जाईल रे?"

मी दोघांचे चेहरे काढले. हरेशच्या चेहऱ्याची रेघ पांढऱ्या रंगाने तोडून तुटक केली. अशुभ वगैरे मी मानत नाही, आमच्या घरात ते कोणी मानत नव्हतं, पण त्या संध्याकाळी मी पान उलटं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याची एक झेरॉक्स टाकीजवळच्या खांबावर चिकटवली. रंगीत छपाई नंतर होणार होती.

टाकी धुवायच्या दिवशी मी कल्याणला छापखान्यात होतो. सकाळी अकराच्या सुमारास प्राजक्ताचा फोन आला. यंत्रांच्या आवाजात मला फक्त एवढंच ऐकू आलं, "काका, हरेश पडला." मी रस्त्यावर येऊन परत लावला तर ती फोन उचलेना. रिक्षात बसलो. मानपाड्यापर्यंतच्या त्या रस्त्यात मला दुसरं काही दिसत नव्हतं. माझ्याच हाताने काढलेली ती तिसरी चौकट दिसत होती, पट्टा आणि दोरी आणि मध्ये कोरा कागद. आणि तिच्याशेजारची बोटभर चौकट, पाठमोऱ्या माणसाची. एका भावाचं मी विचारणार होतो की दोघांचं, ते मला ठरवता येईना.

कारखान्याच्या फाटकावरच कळलं की हरेशला जवळच्या हॉस्पिटलात नेलंय आणि त्याचा श्वास चालू आहे. "आणि मंगेश?" मी विचारलं. फाटकावरचा माणूस म्हणाला, "तो त्याच्यासोबतच गेला." सोबत म्हणजे कसा, आडवा की उभा, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मंगेश हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला होता. दोन्ही तळहातांना बँडेज. त्याला बघून मी त्याच्याशेजारी बसलो आणि चक्क रडलो. त्यानेच माझ्यासाठी पाणी मागवलं.

झालं ते प्राजक्ताने सांगितलं. टाकी तपासून, हवा मारूनच हरेश उतरला होता. पण बाजूच्या नळीची एक झडप नीट बसली नव्हती आणि वायू गुपचूप परत आत येत राहिला. हरेश ब्रश मारतामारता खाली बसला आणि कलंडला. मंगेश ओरडला. दोरी ओढली तर ती आतल्या शिडीला अडकली. "त्याने एक पाय टाकीच्या तोंडावर ठेवलेला, काका. मी लांबून बघितलं आणि माझं संपलंच. मग त्याने तो पाय परत खाली घेतला." त्याने दोरी सैल सोडली, बाजूला सरकून पुन्हा ओढली, दोघं जण मदतीला धावले आणि हरेश वर आला. ओठ निळे पडलेले. प्राजक्ताने तोंडावर ऑक्सिजन लावला आणि थोड्या वेळाने तो खोकला.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला नाही, माणूस घरी जाईल. कारखान्याचे साहेब आले, त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुमच्या चित्राने वाचवलं हो." मी नको नको म्हणालो, पण मनातून मी सुखावलो होतो, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं फुगे भरणाऱ्या माणसाला असं कोण म्हणतं? साहेब गेल्यावर मला ते मंगेशच्या तोंडूनही ऐकायचं होतं.

"पाय परत घेतलास," मी म्हणालो. "चित्र आठवलं ना?"

"आठवलं," तो म्हणाला. मग बँडेज केलेले हात मांडीवर ठेवून म्हणाला, "पण काका, एक चुकलंय तुमचं. रागावू नका."

"बोल ना."

"तुमचा तो दोरीवाला कसा घट्ट उभा हाय. खांबासारखा. माजे पाय लटलट कापत होते. मी खांबावरचं चित्र बघितलं आणि मना वाटलं, यो मी नाय. यो कोणतरी वेगळा हाय, ह्याला जमतंय, मना नाय जमणार. म्हणून तर पाय वर ठेवला मी. आत जाणं सोपं होतं."

"मग मागे कसा आलास?"

"भाऊ बोलला होता ना, आयेला कोण सांगेल." मग पुढे म्हणाला, "कापत कापतच ओढला मी. काका, कापत असला तरी माणूस ओढू शकतो, हे नाय काढलं तुम्ही."

पहिल्यांदा मी मरणाऱ्याला वीर केलं. दुसऱ्यांदा वाचवणाऱ्याला इतका मोठा वीर केला की जिवंत माणसाला त्याच्यापुढे आपण कमी आहोत असं वाटलं. त्याला आत ढकलायला माझी शाई बोटभरच कमी पडली होती आणि साहेब माझा हात हातात घेत होते. या मुलाने मात्र चित्रापुढे खचूनही जे करायचं ते केलं, आणि वर मला माझ्या कामातली चूक इतक्या हळुवारपणे सांगितली की सरांनीही कधी सांगितली नसती.

रंगीत छपाई मी थांबवली. घरी येऊन मूळ पान काढलं. पाय तसेच ठेवले, रोवलेले, मोठे, काळे. फक्त दोन्ही गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन दोन छोट्या बाकदार रेघा काढल्या. आमच्या भाषेत थरथरीला एवढंच लागतं. एकूण आठ रेघा, मिनिटभराचं काम, त्यासाठी मी अख्खी सकाळ घेतली.

प्राजक्ताला पान दाखवलं तर ती म्हणाली, "काका, हिरो घाबरलेला वाटतोय." मी म्हटलं, "वाटू दे." आणि ते घेऊन मंगेशच्या घरी गेलो. हरेश ओटीवर खुर्चीत बसला होता, आई त्याच्याशेजारी. मंगेशचे हात अजून बांधलेलेच होते, म्हणून पान मीच त्याच्यासमोर धरलं. त्याची नजर चेहऱ्यावरून खाली आली, दोरीवरून आली आणि गुडघ्यांशी थांबली.

"हां," तो म्हणाला. "आता यो मी."